गुडघ्याची सोनोग्राफी : काय दिसते, काय निसटते

सातारा आणि सांगली हे तालमींचे जिल्हे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. यात्रा-जत्रांतील कुस्त्यांचे फड, गावोगावचे कबड्डीचे सामने, पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे, या सगळ्यात सर्वाधिक पणाला लागतो तो गुडघा. पट काढताना बाहेरून दाब येतो, पकड सोडवताना पाय जमिनीत रुतून अंग फिरते आणि गुडघा मुरगळतो. मग हळदीचा लेप, हाडवैद्याकडची फेरी आणि दुखणे हटले नाही की तालुक्याचा दवाखाना. तिथे हल्ली हमखास येणारा प्रश्न असा : ‘एमआरआयला एवढा खर्च कशाला? सोनोग्राफीत दिसणार नाही का?’

प्रश्न रास्त आहे. एमआरआय मोजक्या शहरांत होतो, महाग असतो आणि कधी त्यासाठी थांबावेही लागते. जत किंवा माणसारख्या तालुक्यातल्या पेशंटला तर त्यासाठी दिवस मोडावा लागतो. सोनोग्राफी स्वस्त आहे, तिच्यात क्ष-किरण नाहीत आणि काही मिनिटांत ती उरकते. पण तिचे उत्तर अर्धे ‘हो’ आणि अर्धे ‘नाही’ असे आहे.

गुडघ्याला चार मुख्य अस्थिबंध म्हणजे लिगामेंट धरून ठेवतात. दोन बाजूंचे, आतल्या अंगाचा आणि बाहेरच्या अंगाचा. उरलेले दोन सांध्याच्या पोटात फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात, पुढचा आणि मागचा. बाजूचे दोन्ही बंध कातडीपासून फार खोल नसतात. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी तिथे सहज पोचतात आणि तंतू सुजलेत, अर्धवट तुटलेत की पूर्ण, हे अनुभवी डॉक्टरला चांगले दिसते. शिवाय एमआरआय हा स्थिर फोटो असतो, तर सोनोग्राफीत गुडघ्याला हलका ताण देऊन सांध्याची फट किती उघडते, हे त्याच क्षणी पाहता येते. सांध्यात पाणी किंवा रक्त साठले आहे का, गुडघ्याच्या वाटीला जोडणारी शीर शाबूत आहे का, हेही समजते. साठलेले पाणी काढायचे असेल तर सुई नेमकी कुठे जाते आहे तेही पडद्यावर दिसते.

अडचण आतल्या दोन बंधांची आहे. ध्वनिलहरी हाडातून पलीकडे जात नाहीत. पुढचा फुलीबंध, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी असलेला एसीएल, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये दडलेला असतो. तो सोनोग्राफीत पूर्ण दिसत नाही. अप्रत्यक्ष खुणांवरून अंदाज तेवढा बांधता येतो. दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गाद्यांची बाहेरची कड दिसते, आतला भाग निसटतो. म्हणून सोनोग्राफीत दोष दिसला तर तो उपयोगी पुरावा असतो. पण ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या दोन शब्दांवर विसंबून पुन्हा आखाड्यात उतरणे धोक्याचे आहे. एसीएल तुटलेला गुडघा चालताना बरा वाटतो, पण वळताना दगा देतो. प्रत्येक दग्यात गादी फाटण्याची शक्यता वाढते. पंचविशीच्या आत सुरू झालेली ही झीज चाळिशीत संधिवात होऊन समोर येऊ शकते.

या चर्चेला आपल्या भागात आणखी एक पदर आहे. महाराष्ट्राने गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा १९८८ मध्येच केला. देशपातळीवरचा कायदा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत ८६७ मुली होत्या. त्याच वर्षी साताऱ्यात ‘नकोशी’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे देण्याचा कार्यक्रम झाला. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. म्हणून इथे सोनोग्राफीचे यंत्र हे केवळ यंत्र राहत नाही. गर्भाचे लिंग ओळखण्याची क्षमता असलेले यंत्र गुडघ्यासाठी आणले तरी त्याची आणि केंद्राची नोंदणी लागते. हलवता येणारे यंत्रही नोंदणीकृत आवारातच वापरावे लागते. अपवाद फक्त ठरावीक फिरत्या वैद्यकीय पथकांचा. परदेशात खेळाच्या मैदानाशेजारी डॉक्टर खांद्याला अडकवून नेतात ते यंत्र आपल्या कुस्तीच्या फडावर सहजी नेता येत नाही, ते यामुळेच.

अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांना हे जाचक वाटते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण वर दिलेले आकडे पाहता कायदा सैल करा म्हणणे या जिल्ह्यांत तरी परवडणारे नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कायद्यातील नोंदींच्या तरतुदी सैल करण्यास नकार दिला. मार्ग दुसरा आहे. जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि खासगी केंद्रे मिळून नोंदणीकृत यंत्रे आहेतच. त्यांवर काम करणाऱ्यांना सांधे-स्नायूंच्या सोनोग्राफीचे प्रशिक्षण दिले, तर कायद्याला धक्का न लावता गुडघ्याचे निदान जवळ येईल. कारण ही तपासणी यंत्राइतकीच ते फिरवणाऱ्या हातावर अवलंबून असते. पोटाच्या सोनोग्राफीत मुरलेला हात गुडघ्यातही तितकाच मुरलेला असेल, असे नाही.

तोवर पेशंटने क्रम लक्षात ठेवावा. आधी हाताने तपासणी. गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची ‘लॅकमन’ चाचणी जाणकार हातात एसीएलबद्दल बरेच सांगते, आणि तिला यंत्र लागत नाही. पहिल्या दिवसांत सूज आणि वेदनेमुळे ती नीट होत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावे. चार पावले टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा हाडावर दाबून दुखत असेल, तर आधी एक्स-रे. दुखणे बाजूला असेल तर सोनोग्राफी उपयोगी. दुखापतीच्या वेळी ‘कट’ असा आवाज झाला, काही तासांत गुडघा टम्म फुगला, नंतर तो अडकतो किंवा दगा देतो, तर सोनोग्राफी काहीही म्हणो, एमआरआय टाळू नये.

आतल्या अंगाचा बंध बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायामाने, शस्त्रक्रियेविना जुळतो. पूर्ण तुटलेला एसीएल सहसा आपोआप जुळत नाही. नेमका कोणता बंध गेला आहे, हे वेळेवर कळण्यावर पोराचा हंगाम, भरती आणि पुढची वीस वर्षे अवलंबून असतात. स्वस्त तपासणी जरूर करावी, पण ती कशाचे उत्तर देऊ शकते आणि कशाचे नाही, हे डॉक्टरांना आधी विचारून.