विश्लेषण : वीज क्षणभर जाते, मग इंटरनेट काही मिनिटे का गायब होते?

पावसाळ्यात कामोठ्यात वीज क्षणभर गेली, तर पंखा लगेच फिरू लागतो. इंटरनेट परतायला मात्र दोन-तीन मिनिटे जातात. तेवढ्यात ऑनलाइन परीक्षा किंवा ऑफिसची मीटिंग तुटते. असे का होते?

राउटरला एवढा वेळ का लागतो?
राउटर हा एक छोटा संगणकच असतो. वीज जाताच त्याच्या तात्पुरत्या मेमरीतली माहिती पुसली जाते. मग सॉफ्टवेअर सुरू करणे, कंपनीच्या यंत्रणेशी पुन्हा जोडले जाणे, आयपी पत्ता मिळवणे आणि वायफाय सुरू करणे हे सगळे पहिल्यापासून होते.

मोठ्या नेटवर्कमध्ये काय वेगळे असते?
तिथल्या मोठ्या राउटरमध्ये मार्ग ठरवणारा भाग आणि डेटा पुढे पाठवणारा भाग वेगळे असतात. पहिला रीस्टार्ट होत असताना दुसरा जुन्याच मार्गांनी डेटा पाठवत राहतो आणि शेजारचे राउटर थोडी वाट पाहतात. याला ‘ग्रेसफुल रीस्टार्ट’ म्हणतात. ‘ओएसपीएफ’साठी २००३ मध्ये, तर ‘बीजीपी’साठी २००७ मध्ये त्याचे मानक आले. मात्र वीजच गेली तर ही युक्ती चालत नाही. तिथे बॅटरीच लागते.

घरी काय करता येईल?
राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. त्याचा व्होल्ट राउटरच्या अडॅप्टरइतकाच हवा आणि अँपिअर कमी नको. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप द्यावा लागतो. इमारतीत जिन्याजवळ सामायिक स्विच असेल आणि त्याला बॅटरी नसेल, तर घरातल्या यूपीएसचा उपयोग नाही.

हा प्रश्न फक्त सोयीचा आहे का?
नाही. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा मिळत असे. घरातली वीज गेली तरी फोन चालायचा. फायबरवरचा फोन राउटरसोबतच बंद पडतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा ऑनलाइन कामे आणि परीक्षांना फटका बसला. घरात एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक असतील, तर तातडीचा फोन लागणे महत्त्वाचे. म्हणूनच सोसायटीने लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाबरोबर जिन्यातल्या त्या स्विचलाही बॅकअप द्यायला हवा.