घरी आम्ही आहोत

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या आजी-आजोबांना ऋतू निवडण्याची मुभा नसते. बाळ जानेवारीत यायचे असेल, तर जानेवारीतच जावे लागते. माझ्या वाट्याला असा एक हिवाळा कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात आला. बाहेर उणे वीस अंश, आणि घरातील ऊब मात्र आपल्याला सर्वस्वी अपरिचित अशा एका वस्तूकडून येणारी. प्रत्येक खोलीत, बहुधा खिडकीखाली, जमिनीलगत भिंतीच्या कडेने एक लांबट पत्र्याची पेटी बसवलेली असते. तिला बेसबोर्ड हीटर म्हणतात. आत विजेने तापणारी कांब असते. खालून गार हवा शिरते आणि तापून वरच्या फटीतून बाहेर पडते. ना पंखा, ना धूर. क्विबेक प्रांतात जलविद्युत मुबलक आणि स्वस्त असल्याने तेथील बहुसंख्य घरे विजेवरच उबदार राहतात.

या व्यवस्थेत प्रत्येक खोलीचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट स्वतंत्र असतो. म्हणजे वृद्धांची खोली अधिक उबदार ठेवून बाकीच्या खोल्यांत काटकसर करता येते. आमच्या जावईबापूंनी याच हेतूने जुने फिरकीचे थर्मोस्टॅट काढून मोबाइलवरून चालणारे स्मार्ट थर्मोस्टॅट बसवून घेतले.

चौथ्याच दिवशी दुपारी माझी बोटे गार पडली. जावईबापू कामावर, लेक तपासणीसाठी रुग्णालयात. आमचे ‘हे’ शालीवर शाल घेऊन मुकाट बसलेले. “थंडीचाच देश आहे, चालायचेच,” इतकेच म्हणाले. भिंतीवरच्या पडद्यावर पाहिले तर आकडा 16! कारण सायंकाळी कळले. लेक आणि जावई या दोघांचे मोबाइल घरापासून दूर गेले की घर रिकामे आहे असे समजून तापमान उतरवायचे, अशी सोय त्या ॲपमध्ये चालू होती. आमचे मोबाइल त्यात नोंदलेलेच नव्हते. यंत्राच्या लेखी आम्ही घरी नव्हतो.

वाचकहो, सोळा अंश म्हणजे पुण्यातली जानेवारीची सकाळ, एवढ्याने काय होते, असे आपल्याला वाटेल. परंतु सकाळी फिरून येणे वेगळे आणि दिवसभर त्या हवेत खुर्चीवर बसून राहणे वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवामानातील घरांसाठी किमान 18 अंश सेल्सिअस तापमान सुचवले आहे, आणि वृद्ध, लहान मुले व आजारी व्यक्तींसाठी त्याहून अधिक ऊब लागू शकते, असेही म्हटले आहे. गारठ्याने त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. बोटे आणि पाय आखडले की पडण्याची भीती वाढते. शरीराचे आतील तापमान 35 अंशांखाली गेले, तर ती तातडीने उपचार करण्याची अवस्था असते. आणि मुख्य अडचण अशी की, वयोमानाने थंडीची जाणीवच मंदावते. म्हणून ‘मला काही थंडी वाजत नाही’ या आजोबांच्या शब्दावर विसंबू नये. त्यांच्या उशाशी एक साधे तापमापक ठेवावे आणि त्यावर विश्वास ठेवावा.

बसवण्याच्या कामाविषयी थोडे. हे हीटर तेथे बहुधा 240 व्होल्टच्या विजेवर चालतात, तर बाजारातील बरेचसे स्मार्ट थर्मोस्टॅट मध्यवर्ती भट्टीच्या 24 व्होल्टसाठी बनवलेले असतात. ते चुकून जोडले तर यंत्र जळते, आगही लागू शकते. बेसबोर्डसाठीचा थर्मोस्टॅट निराळाच घ्यावा लागतो. त्यातही काहींना भिंतीतून चार तारा लागतात, काहींचे दोन तारांवर भागते. म्हणून खरेदीपूर्वी भिंतीतील तारा पाहून घ्याव्यात. थर्मोस्टॅट बंद दिसला तरी तारेत वीज असू शकते. हे काम ब्रेकर पाडून, परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावे. वीजकाम येणाऱ्या आजोबांनी येथे हौस दाखवू नये!

आता मुलांना सांगण्याच्या गोष्टी. मोबाइल दूर गेल्यावर तापमान उतरवणारी सोय वडीलधारे घरी असेपर्यंत बंद ठेवावी. भिंतीवरची बटणे कुलूपबंद करू नयेत. आई-वडिलांना ॲपविना, हाताने तापमान वाढवता आले पाहिजे, आणि ते कसे वाढवायचे हे एकदा त्यांच्याच हाताने करवून घ्यावे. रात्री काटकसरीसाठी तापमान उतरवतात, पण वृद्ध पहाटे तीनला लघवीसाठी उठतात, हे ध्यानात घ्यावे. आम्ही आमच्या खोलीत रात्रंदिवस 21 अंश ठेवले. क्विबेकमध्ये कडाक्याच्या थंडीत सकाळ-संध्याकाळी वीज कमी वापरणाऱ्यांना बिलात सवलत मिळते. स्मार्ट थर्मोस्टॅट त्या वेळी आपोआप खाली येतो. त्यातून वृद्धांची खोली वगळून घ्यावी.

एक कबुली द्यायलाच हवी. पहिल्याच आठवड्यात धुतलेली दुपटी आणि लंगोट मी त्या उबदार पेटीवर वाळत घातले होते. जावईबापूंनी ते घाईने उचलले, आणि ते बरोबरच होते. पेटीवर कापड कधीही नको; पडदे पेटीला टेकू नयेत आणि आमची खुर्चीही हातभर दूर असावी. अशा कोरड्या उबेत त्वचा तडतडते. त्यावर आपले खोबरेल तेल पुरेसे गुणकारी.

मार्चअखेर निघताना जावईबापूंनी विचारले, “आई, आता ती सोय पुन्हा सुरू करू का?” मी म्हटले, “लेक कामावर जाऊ लागली की बाळाला सांभाळायला कोणी येईलच. तिचा मोबाइल तुमच्या ॲपमध्ये असेल का? आणि बाळाचा?”