कर्णा चकचकीत, सुईचा पत्ता नाही

जुन्या ग्रामोफोनचं संग्रहालय दिसलं की मी आधी वाकून साउंडबॉक्स बघतो. सुई आहे का? बहुतेक ठिकाणी नसते. कर्णा मात्र चकचकीत आणि शेजारी पाटी: हात लावू नये.

इंदापुरात आमच्या वडिलांचा स्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा होता. लिंबाला भोंगा बांधायचा, बॅटरी जोडायची आणि हळदीपासून वरातीपर्यंत रेकॉर्डी लावायच्या. त्याआधीचा, चावीचा फोनोही घरात होता. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं गाणं, आणि प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई. जुनी सुई पुन्हा लावलेली दिसली की वडील ओरडायचे, कारण झिजलेली सुई तबकडी खरवडते. यातलं काचेआडच्या पेटीवरून काय कळणार?

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं गायलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि शेवटी स्वतःचं नाव पुकारायचं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायच्या होत्या. तिथं कोण कुणाला ओळखणार! ती हाक ऐकली की अंगावर काटा येतो. पण संग्रहालयात ती ऐकवली तर ना. गायक भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांची एकही तबकडी नाही. त्यांचे शिष्य बालगंधर्व मात्र तबकड्यांमुळं खेडोपाडी पोचले.

आवाज मागं न उरणं म्हणजे काय, हे बारामतीला वेगळं सांगायला नको. कवी मोरोपंत इथलेच. ते १७९४ साली गेले आणि एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली. आर्या कागदावर राहिल्या, पंतांचा आवाज गेला. तेव्हा इलाज नव्हता, आज आहे. एवढ्या कॉलेजांच्या या गावात एक खोली, चालू स्थितीतला एक फोनो आणि तो चालवणारा एक माणूस ठेवणं जड नाही. शोभेची पेटी नकोच. नवा पितळी कर्णा लावून जुनी म्हणून खपवलेल्या पेट्या बाजारात ढिगानं आहेत. भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगरच्या माळ्यांवर पडलेल्या रेकॉर्डी आणा, एकदा नीट वाजवून संगणकावर उतरवा. आपल्याकडं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळं बहुतेक जुन्या तबकड्यांना ती अडचण नाही. गीताचे आणि चालीचे हक्क तेवढे वेगळे तपासावे लागतील.

तोवर ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांनी एवढं करावं: उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून लांब. स्पिरिटनं अजिबात पुसू नयेत. त्या लाखेच्या असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. एलपीच्या बारीक सुईवरही लावू नयेत, ७८च्या खाचा रुंद असतात. आणि पाकिटावर पेन्सिलीनं लिहून ठेवावं, ही कुणी घेतली आणि कुणाच्या लग्नात वाजली. लिहिताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवावं.