देखण्या इमारतीत ठोकलेली पाचर

शनिवार आहे, चहा झालाय, तेव्हा एक अर्धवट राहिलेलं भांडण इथेच संपवतो. परवा लंचला एका मित्राने माझे ड्रेस्डेनचे फोटो पाहिले आणि वैतागला. "अरे, एवढी देखणी इमारत, आणि तिच्या छातीत ही काचेची नि लोखंडाची पाचर? आर्किटेक्टला कुणी आवरलं नाही का?"

नाही आवरलं, आणि बरं झालं!

हे जर्मन लष्कराचं इतिहास संग्रहालय. मूळ वास्तू १८७० च्या दशकातलं शस्त्रागार. कमानी, खांब, कवायतीला उभी राहिलेली पलटण वाटावी अशी सममिती. इथे सॅक्सनीने संग्रहालय मांडलं, मग नाझींनी, मग पूर्व जर्मनीने. राजवट कुठलीही येवो, दर्शनी भिंत तितक्याच इमानाने सलाम ठोकत राहिली. ती सममितीच मोडायला हवी होती. २०११ मध्ये डॅनियल लिबेस्किंडच्या पाचरीने ती मोडली.

मित्राचं म्हणणं, नवीन भाग गुपचूप मागे बांधायचा. म्हणजे आपण रोज करतो तेच! जुन्या कोडला हात लावायची भीती, म्हणून शेजारी नवं मॉड्यूल चिकटवायचं. पगारापुरतं ठीक आहे, इतिहासाला नाही चालत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनवर बॉम्बफेक जिथून सुरू झाली, त्या दिशेला पाचरीचं टोक रोखलेलं आहे. त्या हल्ल्यांत २५ हजारांपर्यंत माणसं मेली. मग हा जर्मनांचा स्वतःला बळी ठरवायचा डाव नाही का? मलाही खाली उभं असताना तसंच वाटलं होतं. पण वर गेलं की ड्रेस्डेनच्या जोडीला दोन शहरं भेटतात: पोलंडमधलं व्हिएलुन आणि हॉलंडमधलं रॉटरडॅम. जर्मन विमानांनी ती १९३९ आणि १९४० मध्येच भाजून काढली होती. आधी तो हिशेब, मग समोर ड्रेस्डेनचा देखावा. याला मी रडगाणं म्हणणार नाही.

आत तिरक्या भिंतींनी डोकं गरगरतं, माझा दोनदा रस्ता चुकला, हे कबूल. पण युद्धाच्या संग्रहालयातून माणूस मॉलसारखा आरामात फिरून बाहेर पडला, तर ते बांधलंच कशाला?

राहता राहिलं सौंदर्य. त्याच गावात फ्राउएनकिर्शे आहे. बॉम्बफेकीनंतर कोसळलेलं ते चर्च पुन्हा होतं तसं उभारून २००५ मध्ये खुलं झालं. सुंदर आहे, जरूर बघा. पण सगळ्याच जखमा इतक्या सफाईने बुजवल्या, तर पुढच्या पिढीला कळणार कसं, की इथे काही झालं होतं?

असो. सोमवारी लंचला भेटूच, मित्रा!