कम्प्युटरलाही खिडकी हवी!

बालमित्रांनो, मे महिन्यातली बडनेऱ्याची दुपार कशी असते, हे वऱ्हाडातल्या मुलांना सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि घराघरांत कूलरची घरघर!

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी शेजारचा आठवीतला मुलगा धावत आला. "काका, आमचा कम्प्युटर सारखा बंद पडून राहिला! ताईचा प्रोजेक्ट अर्धा उडाला. बाबा म्हणतात, विकून टाकू!"

जाऊन पाहतो तर काय? कम्प्युटरचा डबा टेबलाच्या बंद कप्प्यात, पाठ भिंतीला टेकलेली. आणि या पठ्ठ्यानं कूलर ओढून त्याच्यासमोर ठेवण्याची तयारी चालवलेली! मी आधी कूलर थांबवला. कूलरची हवा दमट असते, तुषारही उडतात. पाणी आणि वीज यांची गाठ कधीही घालू नये.

मग विचारलं, "खोलीत कूलर लावला की आई समोरची खिडकी का उघडी ठेवते?"

"नाहीतर हवा कोंडते, घामच घाम येतो."

बस्स! उत्तर त्यानंच दिलं होतं. हवा आत आली, तर तिला बाहेर जायलाही वाट हवी.

आता थोडं गणित करू. कम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. समजा, डब्यात २०० वॅट उष्णता तयार होते आणि पंखे मिनिटाला १ घनमीटर हवा बाहेर काढतात. तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा सुमारे ११ अंशांनी गरम असते. हवा निम्मी झाली, की हाच फरक २२ अंश! म्हणजे खोलीत ४० अंश असतील, तर डब्यात ६० च्या पुढे. प्रोसेसर तर त्याहून कितीतरी तापतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास आपला वेग कमी करतात. तरीही तापले, तर स्वतःला वाचवायला बंद पडतात. कम्प्युटर बिघडला नव्हता, तो बिचारा जीव वाचवत होता!

आम्ही डबा बाहेर काढला, भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. कागदाची पातळ पट्टी मागच्या पंख्याजवळ बाहेरून धरली. ती बाहेर फडफडायला हवी होती, पण जाळीला चिकटली! कुणीतरी पंखा बदलताना उलटा बसवला होता. पुढचाही आत फुंकतोय, मागचाही आत. मग गरम हवेनं जावं कुठं?

पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीच्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूनं सहसा हवा बाहेर पडते. पुढचा पंखा थंड हवा आत घेणारा, मागचा-वरचा गरम हवा बाहेर टाकणारा, हा साधा नियम.

कम्प्युटर बंद करून, प्लग काढून, बाबांच्या देखत आम्ही पंखा सुलटा केला. जाळीवर धूळ आणि कापसाचे तंतू यांची गादीच झाली होती. पाती बोटानं धरून ती मऊ ब्रशनं साफ केली. वाटेत लोंबणाऱ्या वायरी एका बाजूला बांधल्या. वीज पुरवणारी पेटी मात्र उघडली नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते, म्हणून तुम्हीही ती कधी उघडू नका.

त्या दुपारी कम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. ताईचा प्रोजेक्ट पूर्ण झाला, विकण्याचा विषयही संपला. खर्च? शून्य रुपये!

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. 'परम' महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर आपल्या वऱ्हाडातलेच. १९४६ साली अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्मलेले. पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. पुण्याच्याच आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकात तर प्रोसेसरची उष्णता नळ्यांतून फिरणारा द्रव वाहून नेतो. महासंगणक असो की घरचा डबा, प्रश्न एकच: उष्णता बाहेर कशी न्यायची?

तर मग, आज घरातल्या किंवा शाळेतल्या कम्प्युटरमागे कागदाची पट्टी धरून बघा. पट्टी कुठं उडते? भेटू पुढच्या आठवड्यात!