मन दुसरीकडे, पाऊल वांकडें

आषाढी वारींत तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगांव केतकी असा मार्ग आक्रमीत इंदापुरास जाते. डोईवर तुळशीवृंदावन, मुखीं अभंग, आणि पाऊल टाळाच्या ठेक्यावर, हें दृश्य पाहून आम्हांस नेहमीं विस्मय वाटतो. एवढीं अवधानें सांभाळूनहि तोल कसा जात नाहीं ?

निरोगी घोटा मेंदूस क्षणोक्षणीं पावलाची वर्दी देतो. तोल आपोआप सांवरला जातो. परंतु घोटा मुरगळून बाहेरील अस्थिबंध एकदां सैल पडले म्हणजे ती वर्दी अपुरी येते, आणि तोलासाठीं अवधान खर्चावें लागतें. अशा वेळीं मन हिशेबांत गुंतलें, तर कित्येकांचें पाऊल डळमळतें. वृद्धांविषयीं स्वीडनमधील संशोधकांनीं १९९७ सालीं असेंच दाखविलें : बोलूं लागतांच ज्यांना चालणें थांबवावें लागे, ते पुढें अधिक पडत.

म्हणून ज्यांचा घोटा वारंवार मुरगळतो, त्यांनीं वारीपूर्वीं कांहीं आठवडे अभ्यास करावा. सूज व वेदना ओसरल्यावर, डॉक्टरांच्या संमतीनें, भिंतीपाशीं एका पायावर उभें राहावें. तें साधलें म्हणजे उलटे आंकडे मोजीत तेंच करावें. घरांतील वडील माणसें जिना उतरत असतां त्यांना प्रश्न विचारूं नयेत, हें मुलांस व सुनांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

मुखोद्गत अभंग फारसें अवधान मागत नाहीं. प्रपंचाची चिंता मात्र मागते. वारकऱ्यानें ती घरींच ठेवून निघावें.