विषय शोधावयास जावयाचे कोठे?

चित्रकलेचा किंवा छायाचित्रणाचा छंद ज्यांना नव्याने लागलेला असतो, त्यांच्या तोंडून एक तक्रार हमखास ऐकावयास मिळते. ‘साधने जवळ आहेत, हातही शिवशिवतात, पण काढावयाचे काय? आमच्या घराच्या आसपास चित्रासारखे असे काही नाहीच!’ मग रंगाची पेटी सुट्टीची वाट पाहात कपाटात पडून राहते. सुट्टीत एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाणे होते. तेथे कड्यावर उभे राहून मावळत्या सूर्याची पंचवीस छायाचित्रे घेतली जातात आणि घरी परतल्यावर ध्यानात येते की, शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी आणलेल्या छायाचित्रांहून ती तिळमात्र वेगळी नाहीत. उत्साह ओसरतो, आणि ‘आपल्या अंगी कलाच नाही’ असे म्हणून माणूस मोकळा होतो.

वाचकहो, या तक्रारीत आपणास आपलाच आवाज ऐकू आला असेल, तर आजचा हा मजकूर आपल्यासाठीच आहे.

प्रथम एका तांब्याच्या पिंपाची हकिकत सांगतो. अठराव्या शतकात पॅरिस शहरी ज्यां शार्दां (१६९९–१७७९) या नावाचा एक चित्रकार होऊन गेला. त्या काळी तेथील राजमान्य कला-अकादमीत चित्रविषयांचीदेखील उतरंड ठरलेली होती. धर्मकथा आणि इतिहास यांतील भव्य प्रसंगांना सर्वांत वरचे स्थान. फळे, भांडीकुंडी अशा वस्तूंना अगदी खालचे. १७२८ साली अकादमीने शार्दांला सभासद करून घेतले, तेही प्राणी आणि फळे रंगविणारा म्हणून. परंतु या माणसाने वरच्या पायरीचा हव्यास धरला नाही. १७३४ च्या सुमारास त्याने स्वयंपाकघरातील पाण्याचे एक तांब्याचे पिंप रंगविले. लाकडी तिवईवर ठेवलेले पिंप, त्याला पितळेची तोटी, शेजारी बादली आणि चंबू. बस्स, एवढाच विषय. चित्र आकारानेही लहानच. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, आणि जगभरातील रसिक त्या पिंपासमोर थबकून उभे राहतात. असे पिंप, असा बंब किंवा असे घंगाळ आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होते. त्याच्या फुगीर पोटावर सकाळचे ऊन कसे पसरते, हे आपण किती वेळा पाहिले?

ही दृष्टी परदेशाचीच मिरास आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातेतील हरिपुरा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्या नगराच्या सजावटीचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्याकडे सोपविले. अधिवेशनास येणाऱ्या खेडुतांना जाता-येता सहज पाहता यावीत अशी चित्रे हवी होती. नंदलालबाबूंनी हातकागदावर मातीच्या रंगांनी जी चित्रे केली, त्यांत भात कांडणाऱ्या स्त्रिया होत्या, सूत कातणारे होते, सुतार होते, ढोल वाजविणारे होते. पाहणाऱ्याने जे सकाळी आपल्याच गावात सोडले होते, तेच त्याला संध्याकाळी चित्रात भेटत होते. त्यांपैकी कित्येक चित्रे पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनाच्या संग्रहात आली.

नंदलालबाबूंचे एक शिष्य बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४–१९८०) यांचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. त्यांची दृष्टी जन्मापासूनच अधू होती. एक डोळा जवळजवळ निकामी आणि दुसऱ्याला दूरचे धड दिसत नसे. अशा माणसाने चित्रकार होऊ नये, असेच कोणीही म्हणाले असते. परंतु १९४० साली त्यांनी शांतिनिकेतनात कलाभवनाच्या वसतिगृहाचे छत रंगविले, आणि रंगविले काय, तर बीरभूम जिल्ह्यातील एक साधे खेडे. मध्यभागी तळे आणि त्याच्या सभोवती झाडे, घरे, माणसे, गुरेढोरे. दूरच्या हिमशिखरांची त्यांना गरज पडली नाही. पुढे पन्नाशी उलटल्यावर त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. तरीही ते कागद कातरून, चिकटवून चित्रे करीतच राहिले. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर एक लघुपट काढला. जन्मभर जवळचे निरखून पाहिलेले असेल, तर ते अंधारातही सोबत करते, हा बोध त्यातून आपण घ्यावा.

चित्रकारांविषयी इतके सांगितल्यावर कॅमेऱ्याची बाजूही पाहू. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी स्वातंत्र्याच्या उदयकाळातील दिल्लीची जी छायाचित्रे घेतली, ती सर्वविश्रुत आहेत. परंतु त्यांची सुरुवात मुंबईत झाली, ती राजवाड्यांपासून वा नेत्यांपासून नव्हे. तिसाव्या दशकात जे. जे. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी आपल्या मैत्रिणी, शहरातील रस्ते आणि नित्याचे जीवन टिपावयास आरंभ केला. त्यांतली काही छायाचित्रे त्या काळी त्यांच्या पतीच्या नावाने प्रसिद्ध झाली. कॅमेरा हाती धरलेली स्त्री लोकांच्या ओळखीची नव्हती. पुढे मोठे प्रसंग समोर आले, तेव्हा डोळा आधीच तयार झालेला होता.

बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून खेड्यापाड्यांत हिंडून घरांच्या भिंतींवरची आणि अंगणातील चित्रे कॅमेऱ्याने टिपून ठेवली. स्त्रियांनी सणासुदीला काढलेली ही चित्रे भिंत पुन्हा सारवली, अंगण पुन्हा झाडले, की नाहीशी होत. काढणारीला त्याचे दुःख नसे. उद्या ती दुसरी रांगोळी काढणार असे. परंतु जी रीतच हळूहळू मोडत चालली होती, तिची खूण त्या छायाचित्रांमुळे मागे राहिली.

आता आपण स्वतः काय करावे? फार मोठ्या तयारीची आवश्यकता नाही. घरातील एक खिडकी आणि तिच्याजवळची एक वस्तू निवडा. पितळी तांब्या, दाराशी पडलेल्या चपला, घडी न घातलेले कपडे, काहीही चालेल. सलग सात दिवस तीच वस्तू पाहावयाची, असा नेम धरा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि सायंकाळी पाच, अशा तीन वेळी तिचे एकेक छायाचित्र घ्या. त्या वेळी घरातील विजेचा दिवा मालवावा. दोन तऱ्हांचे उजेड मिसळले की रंग बिघडतात. उजेड बाजूने येत असेल तर वस्तूचा गोलवा उठून दिसतो. तोच आपल्या पाठीमागून आला तर वस्तू सपाट भासते. सावली फार गडद वाटली, तर खिडकीच्या समोरच्या बाजूस एक पांढरा कागद उभा धरावा. तिच्यात हलका उजेड शिरतो.

हल्ली बहुतेकांच्या हाती मोबाईलचा कॅमेरा असतो. त्याची काच आधी मऊ फडक्याने पुसावी. स्वयंपाकघरातील तेलकट बोटांचा ठसा त्या काचेवर असतो आणि आपण मात्र छायाचित्र धूसर आले म्हणून यंत्रास दूषणे देतो. पडद्यावर वस्तूच्या सर्वांत उजळ भागी बोट टेकवावे, म्हणजे पितळेची चकाकी पांढरीफटक होणार नाही.

कॅमेरा नसेल तर एका जाड कागदात सहा सेंटिमीटर लांब व चार सेंटिमीटर रुंद अशी चौकट कापा. एक डोळा मिटून तिच्यातून पाहा. चौकट पुढेमागे करताच आपणास कळून येईल की, चित्रात काय घ्यावयाचे यापेक्षा काय वगळावयाचे, हाच खरा प्रश्न आहे.

छायाचित्र घेऊन झाले की लगेच दहा मिनिटे पेन्सिल हाती घ्या, आणि छायाचित्राकडे नव्हे, वस्तूकडे पाहूनच काढा. डोळे अर्धवट मिटले की बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे आकार तेवढे उरतात; ते आधी मांडावेत. रंग वापरणार असाल तर सावलीत एकदम काळा रंग घालू नका. चुन्याच्या भिंतीवरची सावली मोकळ्या आकाशाखाली निळसर असते, लाल डब्याशेजारी ती तांबूस होते. निळा आणि तपकिरी एकत्र करून पाहा. काळ्याहून ती छटा अधिक जिवंत वाटेल.

पहिले दोन दिवस कंटाळवाणे जातील. तिसऱ्या दिवशी वाटेल की, यात आता पाहावयाचे काही उरले नाही. तेथेच बहुतेक लोक थांबतात. आपण थांबू नका. रोजच्या वस्तूचे नाव एकदा कळले की आपण तिच्याकडे पाहणे सोडून देतो. ‘तांब्या’ म्हटले की काम भागते. ते नाव विसरून आकार पाहावयास डोळ्याला थोडे दिवस लागतात. कॅमेरा आपणास निवड शिकवितो, पेन्सिल थांबावयास शिकविते. दोहोंची संगत म्हणूनच फलदायी आहे.

वस्तूंचा हात बसला की घरातील माणसांकडे वळा. मात्र त्यांना विचारून. आणि कामात असलेल्या माणसाला उठवून, नटवून भिंतीशी उभे करू नका. असे मी का सांगतो, त्यामागे माझा स्वतःचा एक अनुभव आहे.

मी चौदा वर्षांचा असताना एलिमेंटरी परीक्षेच्या सरावासाठी आईचे चित्र काढावयास बसलो होतो. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडीत होती. ‘जरा हात स्थिर ठेव ना,’ मी म्हणालो. ती म्हणाली, ‘तांदूळ निवडायचे तर हात हलणारच. तुला जमेल तसं काढ.’ हात हलत राहिला, मी खोडीत राहिलो. शेवटी कागदावर एका उजव्या हाताचे तीन हात झाले. चित्र फसले म्हणून मी ते वहीत कोंबून टाकले.

पुढे नोकरी लागल्यावर कॅमेरा घेतला. गड, देवळे, धबधबे यांची शेकडो छायाचित्रे काढली. त्यांत आईही आहे. ठेवणीतले लुगडे नेसून, सर्वांच्या रांगेत, उन्हाने डोळे बारीक करून उभी असलेली. ती गेल्यानंतर तिचे एखादे चांगले छायाचित्र शोधावयास बसलो, तेव्हा कळले की, जशी ती रोज आमच्यासमोर असे, तशी ती एकाही छायाचित्रात नाही. तिला कामात असताना पाहण्याजोगे काही आहे, असे मला कधी वाटलेच नव्हते.

काही महिन्यांनी जुन्या वह्या आवरताना तो कागद सापडला. त्यातला चेहरा काही कोणाचाही म्हणून खपला असता. पण धाकट्या बहिणीच्या हाती तो दिला, तर ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, ‘आईच की!’ एक गुडघा उभा करून त्यावर डावे कोपर टेकण्याची ती ढब, मागे सारलेल्या बांगड्या आणि ते तीन हात. ज्याला मी चूक समजलो होतो, तीच त्या कागदावरची सर्वांत खरी गोष्ट होती. मला तेव्हा चित्रकला येत नव्हती. पण अर्धा तास मी तिच्याकडे नीट पाहिले होते, एवढे मात्र खरे.

म्हणून, वाचकहो, आपण नागपुरात असा, इंदुरात असा की दिल्लीच्या एखाद्या वसाहतीत असा, विषय शोधावयास कोठेही जावयाचे कारण नाही. तो आपल्याच घरी या क्षणी कणीक मळीत असेल, चष्मा कपाळावर सारून वर्तमानपत्र वाचीत असेल किंवा अभ्यास टाळून खिडकीत बसला असेल. आपण सुट्टीची वाट पाहतो. तो मात्र आपल्यासाठी थांबून राहात नाही. हा अंक आता बाजूस ठेवा आणि त्याच्याकडे पाहा. पेन्सिल हाताशी असेल तर उत्तमच.